ग्रंथालयाचा संगणक, घरचा संगणक : विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं?



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि एकाच आठवड्यात दोघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. पहिल्या आमच्या ग्रंथपाल मॅडम. "सर, स्क्रीनवर रोज सूचना येतेय, विंडोज टेनचा सपोर्ट संपला म्हणून. आता हे पाचही संगणक भंगारात काढायचे का?" दुसरे खांदा कॉलनीतले एक पालक, आठवीतल्या मुलीचे वडील. "सर, मुलीसाठी लॅपटॉप बघतोय. दुकानदार म्हणतो, वापरलेला आहे पण एकदम चकाचक, विंडोज फुकट टाकून देतो. घेऊ का?"

मी खरं तर विज्ञानाचा शिक्षक. संगणकाचा तास माझ्याकडे जास्तीचा म्हणून आला आणि मग चिकटलाच. त्यामुळे इथे जे लिहितोय ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर पनवेलच्या एका शाळेत गेली काही वर्षं हे संगणक सांभाळणारा माणूस म्हणून.

आधी मुलांना सांगतो तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? आपल्या जुन्या वाचनालयात वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देत नसत. खिडकीशी चिठ्ठी द्यायची, आतला माणूस पुस्तक काढून आणणार. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कोणाकडे गेलंय, एकाच पुस्तकासाठी दोघे आले तर आधी कोणाला, हे सगळं त्या खिडकीआडच्या माणसाला ठाऊक. संगणकात आपण जे प्रोग्रॅम चालवतो ते खिडकीबाहेरचे वाचक. डिस्क, मेमरी, प्रिंटर, कीबोर्ड ही आतली कपाटं. आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तो आतला माणूस. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, फोनमधलं अँड्रॉइड ही सगळी याच माणसाची वेगवेगळी रूपं. (अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सच आहे. म्हणजे "आम्हाला लिनक्स जमणार नाही" म्हणणारे पालकसुद्धा ते रोज खिशात घेऊन फिरतात!)

आता "सपोर्ट संपला" म्हणजे काय ते बघू. संगणक बंद पडत नाही. विंडोज टेन १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही चालू होतं, टायपिंग होतं, गाणी वाजतात. फक्त त्या खिडकीआडच्या माणसात एखादा दोष सापडला, तर तो दुरुस्त करणारं कोणी राहत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या अपडेट्सना एका वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली आहे. ती आपणहून नोंदवावी लागते, नुसतं बसून मिळत नाही. हीच गोष्ट एक्सपीची ८ एप्रिल २०१४ ला झाली होती आणि विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० ला. तरी सेव्हनवर चालणारे संगणक अजून कितीतरी कार्यालयांत दिसतात.

"मग चालतंय ना? आपल्या शाळेत कोण येतंय हॅक करायला?" असं स्टाफरूममध्ये हमखास कोणीतरी म्हणतं. त्यावर मी न्हावा-शेव्याचं उदाहरण देतो. २७ जून २०१७ ला आपल्या इथून जवळच, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं संगणकावरचं काम ठप्प झालं. हे टर्मिनल मर्स्क समूहाशी जोडलेलं. त्या दिवशी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला, त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. उरणच्या बंदराशी कोणाचं वैर नव्हतं. कुठल्या तरी दूरच्या भांडणात आपल्या शेजारचे कंटेनर अडकले. मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की त्यांना सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, शिकण्यासारखी गोष्ट अशी. विंडोजमधल्या ज्या दोषाचा यात वापर झाला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्यातून तो आत शिरला. पण एकदा आत शिरल्यावर त्याने संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलले आणि त्याच नेटवर्कमधल्या अपडेट केलेल्या संगणकांवरही तो पसरला. म्हणजे एक कच्चा संगणक सगळ्या पक्क्यांना घेऊन बुडतो. ग्रंथालयात पाचपैकी एक संगणक "राहू दे, तो फक्त मुलांना बघायला आहे" म्हणून जुना ठेवणं का बरोबर नाही, ते यावरून लक्षात यावं.

पण माझं स्वतःचं नुकसान व्हायरसने झालं नाही. ते झालं फॉन्टमुळे, आणि यावर मला जरा जास्त लिहायचं आहे. कारण ऑपरेटिंग सिस्टीमची तुलना करणारे लेख शेकड्याने मिळतात, पण मराठी ग्रंथालयाला खरा फटका जिथे बसतो ते त्यात नसतं.

मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथल्या ग्रंथालयाची पूर्ण यादी एका एक्सेल फाइलमध्ये होती. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. दोन वर्षं खपून टाइप केलेली. एका पावसाळ्यात वीज गेली, आली, परत गेली, परत आली, आणि डिस्क गेली ती गेलीच. आम्ही निवांत होतो, कारण पेनड्राइव्हवर कॉपी होती. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला आणि फाइल उघडली, तर सगळ्या रकान्यांत इंग्रजी अक्षरांचा काला! एकही शब्द वाचता येईना.

झालं असं होतं, की यादी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. हे फॉन्ट मराठी अक्षर साठवतच नाहीत. ते इंग्रजी अक्षर साठवतात आणि त्याला मराठीचा मुखवटा चढवतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढंच असतं. फॉन्ट आहे तोवर 'मराठी' दिसतं, फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. शिवाय अशी यादी लेखकाच्या नावाने लावली, की ती अ, आ, इ, ई अशी लागत नाही, आत दडलेल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते. वाचक 'खांडेकर' शोधायला येतो आणि ते कुठेतरी भलतीकडेच बसलेले असतात.

आम्ही तो फॉन्ट मिळवला, मग बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून ती फाइल युनिकोडमध्ये आणली. बरीचशी आली. जोडाक्षरं आणि रफार मात्र जागोजागी चुकले. शेवटी नववीची मुलं आणि मी, कागदी दाखल नोंदवही समोर ठेवून, ऑफ तासाला बसून एकेक ओळ तपासत होतो. कित्येक शनिवार त्यात गेले. ती कागदी नोंदवही कोणी "आता संगणक आला" म्हणून रद्दीत घातली असती तर? आमच्याकडे काहीच उरलं नसतं.

म्हणून ग्रंथपाल मॅडमना मी आधी हे विचारलं नाही, की विंडोज का लिनक्स. विचारलं ते हे, की यादी कशात आहे? युनिकोडमध्ये असेल तर ती विंडोजवर उघडेल, लिनक्सवर उघडेल, मोबाइलवरही उघडेल. नसेल तर आधी ती युनिकोडमध्ये आणा, मग बाकीचं बोलू.

टायपिंगचंही तसंच. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड भारत सरकारने १९९१ मध्ये प्रमाण म्हणून ठरवला, आणि तो विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे सारखाच मिळतो. एकदा बोटांना वळण पडलं की संगणक बदलला तरी शिकलेलं वाया जात नाही. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करायची सवय आहे त्यांनी तसं करावं, माझा आग्रह नाही. मुलांना मात्र पहिल्यापासून इनस्क्रिप्टच शिकवा.

नवा किंवा जुना, कुठलाही संगणक तपासताना मी एक छोटी चाचणी घेतो. पुढचे शब्द टाइप करायचे आणि छापून बघायचे : कुऱ्हाड, सुऱ्या, ॲल्युमिनियम, ऑगस्ट, बाळ, लक्ष्मी, हृदय. हे सगळे नीट उमटले तर तो संगणक मराठी ग्रंथालयात चालेल. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या आवृत्तीत आलं. त्यामुळे एक्सपीच्या काळातल्या फॉन्टवर त्याच्या जागी चौकट दिसू शकते.

आता ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरकडे वळतो, कारण ऑपरेटिंग सिस्टीम कुठली हे बऱ्याचदा तेच ठरवतं. महाविद्यालयांत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'सोल' दिसतं, ते विंडोजसाठी बनवलेलं आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं, 'ई-ग्रंथालय' आधी विंडोजवर बसवावं लागायचं. त्याची चौथी आवृत्ती इंटरनेटवरून, ब्राउझरमध्ये चालते. आणि तिसरं 'कोहा'.

कोहाची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालेल की नाही अशी शंका होती. वर्षाच्या फक्त शेवटच्या दोन आकड्यांवर हिशेब करणारे प्रोग्रॅम गडबडतील, ही तेव्हाची जगभरची भीती. नवं विकत घेणं परवडेना, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून स्वतःसाठी बनवून घेतलं. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं आणि मग त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. एका लहानशा ग्रंथालयाने दिलेली ही भेट आज आपल्याकडेही वापरली जाते.

कोहाचा सर्व्हर लिनक्सवर बसतो, साधारणपणे डेबियन किंवा उबंटूवर. पण देवघेवीच्या टेबलावरचा आणि वाचकांसमोरचा संगणक कुठलाही चालतो, कारण तिथे फक्त ब्राउझर लागतो. बारकोड वाचणारं यंत्रही लिनक्सला अडचण करत नाही. यूएसबीचा साधा स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, आकडे टाइप झाल्यासारखे येतात.

तेव्हा यादी एकदा ब्राउझरमध्ये आली, की ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा विजेचा आणि नेटचा. आपल्याकडे जुलैत पाऊस कोसळायला लागला की नेट जातं हे कोणाला सांगायला नको. यादी इंटरनेटवर असेल तर तेवढा वेळ देवघेव वहीत लिहावी लागते. सर्व्हर ग्रंथालयातच असेल तर नेट गेलं तरी काम चालतं, पण मग तो सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा. आणि तो माणूस बदली होऊन गेल्यावर काय, याचाही विचार हवा. या बाबतीत मी स्वतः अजून डळमळीत आहे.

आमच्या पाच संगणकांचं आम्ही काय केलं ते सांगतो. विंडोज इलेव्हनसाठी चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. पाचपैकी एकच संगणक त्यात बसला. तो देवघेवीच्या टेबलावर ठेवला, विंडोजच ठेवलं. कारण ऑफिसची काही कामं, प्रिंटर आणि डिजिटल सहीचा डोंगल तिथेच जोडलेला होता आणि मॅडमचा हातही विंडोजवर बसलेला. चालू गाडीचं चाक कशाला काढायचं?

तीन संगणकांवर लिनक्स मिंट टाकलं, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. मिंट उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर आधारलेलं आहे. आम्ही टाकलेल्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. खालच्या कोपऱ्यात मेनूचं बटण, वर उजवीकडे फुलीचं बटण. त्यामुळे विंडोज पाहिलेल्या माणसाला फार परकं वाटत नाही. सोबत लिबरऑफिस येतं, वर्ड आणि एक्सेलच्या जागी चालतं.

पाचवा अगदीच जुना, दोन जीबी रॅमचा. त्याचे भाग वेगळे करून सातवीला दाखवायला ठेवले आहेत. तासाला त्याचा उपयोग बाकीच्या चारांपेक्षा जास्त होतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलांना काही फरक पडला नाही, दोन दिवसांत ती वॉलपेपर बदलून मोकळी झाली! अडले आम्ही मोठे. एका सहकारी बाईंच्या जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा त्याच मुखवट्याच्या फॉन्टमध्ये निघाल्या, त्या लिनक्सवर वाचता येईनात. एक जुना लेझर प्रिंटर काही केल्या छापेना. दुपारभर खटपट केली आणि शेवटी तो टेबलावरच्या विंडोजला जोडला. वर्डमध्ये बनवलेली तक्त्यांची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की कधीकधी ओळी सरकतात, हेही खरं. ज्यांना बाहेर फाइल पाठवायची आहे त्यांनी पीडीएफ करून पाठवावी.

केरळमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण लिनक्सवर नेलं गेलं. त्याच २००१ मध्ये आपल्याकडे एमकेसीएलचा एमएस-सीआयटी सुरू झाला. गावोगावच्या माणसाला माउस धरायला शिकवण्याचं मोठं काम त्याने केलं, पण आपल्या पिढीच्या डोक्यात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही तेव्हाच पक्कं बसलं. केरळात शिक्षकांना आधी प्रशिक्षण मिळालं, हे विसरू नका. नुसती सीडी पाठवून झालेलं नाही ते. आपल्याला शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही फुकट.

आता खांदा कॉलनीतले पालक. त्यांना मी विचारलं, मुलगी काय करणार आहे त्यावर? शाळेचे प्रकल्प, व्हिडिओ, थोडं स्क्रॅच, थोडं पायथन. यातलं सगळं लिनक्सवर होतं. पुढे टॅली शिकायची असेल, फोटोशॉप हवं असेल, ऑटोकॅड लागणार असेल, तर विंडोज घ्यावं, तिथे हट्ट करू नये. मॅक चांगलाच असतो, पण आठवीतल्या मुलीसाठी एवढे पैसे घालायची गरज मला दिसत नाही.

राहिला तो 'फुकट विंडोज' टाकून देणारा दुकानदार. ते बहुतेक वेळा चोरीचं असतं. त्याचं कुलूप तोडणारा जो प्रोग्रॅम वापरतात, तो आणखी काय काय करतो ते आपल्याला दिसत नाही. वर अशा संगणकावर अपडेट बंद करून ठेवतात, म्हणजे न्हावा-शेव्याची गोष्ट घरातच. आणि एक मनातलं बोलू का? परीक्षेत कॉपी करू नकोस असं आपण मुलांना सांगतो आणि त्यांच्या हातात पहिलाच लॅपटॉप चोरीच्या सॉफ्टवेअरचा देतो. खरेदी केलेलं विंडोज किंवा मोकळं मिळणारं लिनक्स, दोन्ही चालतील.

वापरलेला लॅपटॉप घेताना दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची पिढी बघा. आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर त्यावर इलेव्हन रीतसर बसणार नाही, मग त्या हिशेबानेच भाव करा. साधी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवून घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम बदलून जो फरक पडत नाही तो यामुळे पडतो.

आणि लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डिस्कवरचं काही पुसलं जात नाही, पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज जसंच्या तसं. वायफाय चालतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का आणि वरचे सात शब्द नीट उमटतात का, एवढं बघायचं. कायमचं बसवायचं ठरलं तर मात्र आधी फोटो आणि फाइली दुसरीकडे काढून ठेवा. बसवताना एक चुकीचा पर्याय निवडला तर सगळी डिस्क पुसली जाते.

त्या पालकांनी लॅपटॉप माझ्याकडेच आणला होता. पेनड्राइव्ह लावला, मुलीने स्वतः सगळं तपासलं. वायफाय लागलं, आवाज आला, 'कुऱ्हाड' नीट उमटली. वडील म्हणाले, "दिसायला तर सारखंच आहे." विंडोज न टाकता देणार असाल तर किंमत किती कमी कराल, हे ते आता दुकानदाराला विचारणार आहेत.

आमच्या ग्रंथालयात कोहाचा सर्व्हर बसवायचा की ब्राउझरवरचं ई-ग्रंथालय मिळतंय का बघायचं, हा निर्णय आम्ही उन्हाळी सुट्टीपर्यंत पुढे ढकलला आहे. तोपर्यंत यादी एका साध्या युनिकोड फाइलमध्ये आहे. दर शनिवारी तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून मॅडम तो कपाटात ठेवतात, एक प्रत मुख्याध्यापकांच्या ईमेलवर जाते. कागदी दाखल नोंदवही लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, आणि तिच्यावर मॅडमनी लाल शाईने लिहून ठेवलंय : रद्दीत देऊ नये.